शिरपा, ताशी साडेपाच किलोमीटर

शिरपा, तुझ्या दहाव्याला कावळा किती वेळात शिवला सांगू? तीन मिनिटं पुरती झाली नाहीत. मी घड्याळ लावूनच उभा होतो, सवय आहे. भटजी हात धुऊन मागं सरले न सरले तोच पिंपळावरून एक काळाकुट्ट पठ्ठ्या सुटला आणि थेट पिंडावर. घाटावरची माणसं हात जोडून म्हणाली, "सुभेदार तृप्त गेला बघा. मागं कायबी ठेवलं न्हाई."

मला रागच आला. तृप्त म्हणजे काय? आपला वाद अर्ध्यावर पडलाय. दोन वर्षं चहावर भांडलो आपण, तुझी पाळी असताना तू निघून गेलास, आणि वर तुझी एकही इच्छा राहिली नाही? निदान अर्धा तास तरी त्या कावळ्याला ताटकळत ठेवायचंस. मी पुढं होऊन म्हणालो असतो, "शिरपा, तुझं डायनासूरचं बघून घेतो मी," आणि मग शिवला असता. चार माणसांत माझी पत तरी राहिली असती.

पण खरं सांगू का, राग तुझ्यावर नव्हता. एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली. गेलं वर्षभर मी तुला तुझा वेग खोटा सांगत होतो. दर रविवारी. तुझ्या तोंडावर. तू हसायचास, मिशीवरून हात फिरवायचास, आणि मी वही मिटून घरी जायचो. तू गेल्यावर पहिला विचार माझ्या मनात हा आला, की मी खरं बोललो असतो तर तू वेळेत डॉक्टरकडं गेला असतास का? तेरा दिवस मी ह्याच एका प्रश्नावर झोपतोय आणि उठतोय.

हे सगळं सुरू झालं ते माझ्याच तोंडानं. आपल्या गावच्या हायस्कूलनं विज्ञान दिनाला मला, निवृत्त मास्तराला, भाषणाला बोलावलं. पोरांना गंमत वाटावी म्हणून मी डायनासूर काढले. दगडात उमटलेल्या पावलांवरून तो प्राणी किती वेगानं चालला ते काढता येतं, असं सांगितलं. पावलाची लांबी मोजायची, तिची चौपट केली की साधारण त्याच्या कंबरेची उंची आली. मग एका ठशापासून दुसऱ्या ठशापर्यंतचं अंतर मोजायचं. हे अंतर, म्हणजे टांग, जितकी लांब आणि पाय जितका आखूड, तितका वेग जास्त. बाकी एका साहेबानं काढलेलं सूत्र आहे, ते मोबाइलवर दाबलं की झालं.

तू मागच्या बाकावर बसला होतास. शाळेत असताना बसायचास तिथंच. टाळ्या वाजल्यावर उठून म्हणालास, "मास्तर, बघितलाय का कुणी त्यो पळताना?"

"नाही."

"मग तपासलंय कशावर?"

शाळेत गणितात दोनदा गटांगळ्या खाल्लेल्या माणसानं असा प्रश्न विचारावा? पण प्रश्न बरोबर होता, हे मी त्याच रात्री मान्य केलं. मनातल्या मनात. तुला सांगितलं नाही.

मग आपण ते तुझ्यावर तपासलं. तुझ्या उसाच्या कडेला पाटाचं पाणी सोडून तू वीस पावलांची पट्टी चिखलाची केलीस, दाताळ्यानं सारखी केलीस, विजार गुडघ्यापर्यंत वर घेतलीस आणि छाती काढून चाललास. मी मागनं शिंप्याची टेप घेऊन. इंदूवहिनी बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "भावजी, ह्येंचा सदरा शिवताय का काय?"

तुझं पाऊल पंचवीस सेंटीमीटर. चौपट केलं, मीटर. तुझ्या कंबरेची उंची टेपनं मोजली तर चार बोटं कमी भरली, तेवढं चालायचंच. तुझ्यात आणि डायनासूरमध्ये फार फरक नाही, असं मी म्हणालो तेव्हा वहिनी पदर तोंडात कोंबून हसल्या होत्या. आणि मग अंतर. तू ठणकावून सांगितलंस, "कदम म्हंजे डाव्या पायापासनं उजवा. तीस इंच. पलटणीत इंचभर चुकलं तर उस्ताद आय काढायचा." मी मुकाट्यानं तसंच मोजलं. तुझ्या आवाजात अजून तेवढा वचक होता. सूत्रात आकडा टाकला, आणि तुझा वेग आला ताशी पावणेदोन किलोमीटर.

तुझा चेहरा मला आत्ता दिसतोय. "पावणेदोन? अरं, वैरणीचा भारा घेऊन आमची म्हातारी ह्याच्यापेक्षा पळायची! ह्या चालीनं मी पोस्टावर पोचलो असतो तवर लढाई मिटून दोन्हीकडली पेन्शनीत गेली असती!"

दोन दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी मला चूक सापडली. सूत्राला लागतं ते एकाच पायाचं अंतर, उजव्यापासून परत उजव्यापर्यंत. म्हणजे दोन कदम. अख्ख्या जगात ही चूक आपणच केली असणार, कारण बाकी कुणाच्या शेतात चिखलाच्या पट्टीवर सुभेदार उभा राहून हुकूम देत नसेल. पुन्हा मोजलं. ताशी साडेपाच किलोमीटर. तू डोळे मिटलेस, बोटं मोडलीस, मिनिटाला एकशेवीस कदम, कदमाला तीस इंच असा हिशेब तोंडी लावलास आणि म्हणालास, "परेडची चाल. तंतोतंत." मग जरा थांबून, "म्हंजे तुझ्या सायबाला जे कळायला डायनासूर लागला, ते मला आमच्या उस्तादानं शिवी देऊन शिकवलं व्हतं."

तेव्हापासून रविवार ठरला. आठवड्याची पट्टी. तू चालायचास, मी मोजायचो, वहिनी चहा करायच्या आणि तू विचारायचास, "किती?" आणि साडेपाच ऐकल्याशिवाय कपाला तोंड लावायचा नाहीस.

भीमाचं पाऊल आठवतं? ते आठवलं की मला अजून एकट्याला हसू फुटतं, परवा तर तुझ्या फोटोला हार घालताना फुटलं, लोकांना वाटलं मास्तर रडतोय. तुला खरा ठसा पाहिजे होता, दगडातला. मी सांगितलं की आपला सगळा काळा दगड लाव्हाचा, ह्यात डायनासूरचं पाऊल सापडायची आशा धरू नकोस. तू म्हणालास, "लाव्हा बघून पळालं असंल की, मग पळालेलं कुठं उमटलंय तेवढं दाव." मग मला मोटारसायकलवर मागं बसवून टेकडीवरच्या देवळात नेलंस. तिथं कातळात एक लांबट खळगा आहे, शेंदूर लावलेला, आणि भीमानं इथं एक पाऊल ठेवलं नि दुसरं समोरच्या डोंगरावर, असं सगळी सांगतात. गुरवाची परवानगी काढून आपण टेप लावली. पाऊल मीटरभर. म्हणजे भीमाची कंबर चार मीटरवर. समोरचा डोंगर तू एक डोळा मिटून, अंगठा पुढं धरून मोजलास. "तीन किलोमीटर. फौजी अंदाज हाय, चुकायचा न्हाई." दोन कदमांचे सहा.

मोबाइलवर आकडा आला तेव्हा मी तीनदा दाबून बघितला. सेकंदाला तीनशे किलोमीटरच्या वर! भीम साताऱ्याहून निघाला तर एका सेकंदात मुंबई ओलांडून समुद्रात. मी शास्त्रीय गांभीर्यानं गुरवाला समजावलं, की बघा, म्हणून हे शक्य नाही, हाडं तुटतील, हवेनं अंग पेट घेईल. गुरव शांतपणे नारळाची शेंडी सोलत होता. म्हणाला, "आवं मास्तर, वाऱ्याचा ल्योक त्यो. कमीच आलंय तुमचं गणित."

तू तिथं कातळावर बसून हसलास, हसता हसता खोकलास, आणि खोकला थांबेना. पाणी प्यायलास, छातीवर हात ठेवून म्हणालास, "वय झालं गड्या." मी म्हणालो, "तुझं कसलं वय?" तिथंच मी काहीतरी विचारायला पाहिजे होतं. पण मी भीमाचा आकडा वहीत लिहून घेत होतो.

आणि मग तो वाद. एका रविवारी तू पट्टीच्या मधोमध थांबलास आणि मागं वळून आपल्याच पावलांकडं बघत राहिलास. "मास्तर, ह्यो ठसा उमटला कशानं?"

"चिखलानं."

"आणि चिखलात कुठलं शहाणं जनावर जीव घेऊन पळतंय रं? पळलं तर घसरंल की. त्ये बिचारं चिखलातनं बेतानं चाललं आसंल, आणि तुमी म्हणणार, ह्येचा वेग एवढाच. सुक्या माळावर त्ये कसं पळायचं, त्येचा ठसा कुठाय?"

मी म्हणालो, शास्त्र जे मागं राहतं त्याच्यावरच चालतं. नसलेल्या ठशाचं काय मोजणार?

"मग सांगायचं की, ह्यो त्या दिसाचा वेग हाय, त्येचा न्हवं. त्येला काय काय येत व्हतं ते तुला पावलावरनं कळायचं न्हाई."

मी चिडलो. पस्तीस वर्षं शिकवल्यावर कुणी असं चिखलात उभं राहून शिकवायला लागलं की माणूस चिडतो. म्हणालो, चिखलात पळता येतं, न यायला काय झालं. तू म्हणालास, पळ. आणि मी, दोन नातवंडांचा आजोबा, चपला काढून पळालो. सहावं पाऊल काही मला आठवत नाही. एकदम आभाळ दिसलं. तू टेप घेऊन धावत आलास, मला वाटलं उठवायला. तू माझ्या पाठीचा ठसा मोजत होतास. "मास्तर, ह्येची चौपट केली तर किती उंच यील?" वहिनींनी माझ्यावर कळशीभर पाणी ओतलं आणि तुझ्यावर तोंडसुख घेतलं. मी आठ दिवस कंबर धरून चाललो, पण तुझं बरोबर आहे असं म्हणालो नाही. पुढं एक छापील लेख वाचताना कळलं, शास्त्रज्ञही तेच म्हणतात, ठशावरचा वेग म्हणजे त्या प्राण्याची हद्द नव्हे. तो कागद मी तुझ्यापासून लपवून ठेवला. अजून कपाटात आहे, इस्त्रीच्या कपड्यांखाली.

आता ती गोष्ट. मागच्या दिवाळीनंतर तुझी टांग आखडायला लागली. आधी दीड मीटरची एक मीटर चाळीस. मी मनाशी म्हणालो, चिखल घट्ट असेल. मग एक मीटर तीस. त्या दिवशी गणित केलं तर साडेचारही भरेनात. तू कपावर बशी ठेवून वाट बघत बसला होतास. "किती?"

तुला चष्म्याशिवाय टेपवरचे आकडे दिसत नव्हते, आणि चष्मा तू घालायचा नाहीस, कारण सुभेदाराला चष्मा शोभत नाही. टेप माझ्या हातात. वही माझ्या हातात.

"साडेपाच," मी म्हणालो.

तू चहा प्यायलास. एवढंच झालं बघ. एकदा बोललो आणि मग मागं फिरता आलं नाही. उन्हाळ्यात चार, पावसाळ्यानंतर साडेतीन, आणि मी आपला साडेपाच, साडेपाच. एकदा भीती वाटली की तुला संशय येईल, म्हणून पावणेसहा सांगितलं. तू भुवई वर केलीस, "म्हातारपणी वाढतुया व्हय?" मी म्हणालो, आज जमीन चांगली आहे. शेवटच्या रविवारी सव्वातीन आलं होतं, शिरपा. सव्वातीन. आणि बुधवारी सकाळी तू दाढी करता करता खुर्चीत कललास. गाडीतून सांगलीला नेता नेता वाटेतच संपलास, माझ्या मांडीवर डोकं ठेवून, अर्ध्या गालाला साबण तसाच.

तो साबण मी पुसला. तेव्हाही बोललो नाही.

काल तुझा तेरावा झाला. पाहुणे पांगले. आज सकाळी मी वहिनींकडं गेलो, ठरवूनच गेलो, की ह्या बाईला सांगायचं आणि ती जे बोलेल ते ऐकून घ्यायचं. त्या जोत्यावर बसून मेथी निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. टांग, टेप, सव्वातीन, सगळं. म्हणालो, वहिनी, मी खरं बोललो असतो तर शिरपा डॉक्टरकडं गेला असता.

वहिनींनी मेथीची जुडी खाली ठेवली. "गेलं व्हतं की."

"कुठं?"

"सांगलीला. आखाडात. डाक्टर म्हणालं, काळीज दमलंय, आपरेशन झेपायचं न्हाई, गोळ्या खावा आणि हळू चाला. ह्येंनी मला शपथ घातली, मास्तराला सांगायचं न्हाई. म्हणालं, त्येला कळलं तर रविवारचं यायचा बंद हुईल, आला तर रडत बसंल, आणि मग मी बोलू कुणासंगं?"

मी मेथीशेजारी जोत्यावर बसलो.

"आणि तुमी मोजायचा ती चाल बी खरी न्हवती, भावजी. तुमची गाडी वाजली की उठायचं, आणि त्या पट्टीत उगंच लांब लांब टांगा टाकायचं. तुमी गेला की दुपारभर आडवं. मी म्हणायची, कशाला वो ताणताय? तर म्हणायचं, मास्तर आकडा फुगवून सांगतुया. लय फुगवाय लागू नये म्हणून मी जरा ताणतुया. त्येला खोटं बोलायची सवय न्हाई, कान लाल हुत्यात."

शिरपा, हलकटा! म्हणजे मी टेपवर खोटं बोलत होतो, तू चिखलात खोटं बोलत होतास, आणि वर्षभर त्या पट्टीत एकही खरा ठसा नव्हता. जगातला कुठलाही शास्त्रज्ञ आपल्या ह्या नोंदींवरून काय काढणार होता? मला हसू आलं आणि हसता हसता मी कसा रडलो ते मला कळलं नाही. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

मग म्हणाल्या, "खरी चाल बघायची हाय का?"

मला विहिरीकडच्या पायवाटेवर घेऊन गेल्या. तू जायच्या दोन दिवस आधी पाट फुटून तिथं चिखल झाला होता, आता वाळून खडखडीत झालाय. तुम्ही दोघं संध्याकाळी तिकडंच जायचात. तुझी ती सवय गावाला माहीत आहे. तू चार पावलं पुढं, हात मागं बांधून, आणि वहिनी मागनं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तसंच. मला वाटलं, तुझ्या मोठ्या पावलावर वहिनींचं लहान पाऊल पडलेलं दिसेल. मागून येणाऱ्याचा ठसा वर पडतो, एवढं तर मी पोरांनाही शिकवलंय.

उलटं होतं, शिरपा. वहिनींचं लहान पाऊल, आणि त्याच्यावर अर्धं तुझं. पुढं पुन्हा तसंच. तू मागं होतास. दर दहा-बारा पावलांवर वहिनींचे दोन्ही पाय शेजारी शेजारी, टाचा चिखलात रुतलेल्या. त्या तिथं थांबल्या होत्या. तू येईपर्यंत.

"मागं वळून बघायची न्हाई मी," वहिनी म्हणाल्या. "उगंच पदर नीट करायची, न्हाईतर पायातला काटा काढायची. म्हंजे ह्येंना वाटावं, हीच दमली."

मी खाली बसलो. टेप खिशात होती आणि हात तिकडं गेलाही, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "भावजी, उसाला पाणी द्यायचं राहिलंय. आज सोडलं तर ह्या वाटेवरनं बी जाईल, पाट अजून बांधला न्हाई. तुमाला मोजायचं आसंल तर दोन दिस थांबवते."

उसाची पानं कडेनं पिवळी पडली होती. मी त्या ठशांकडं बघितलं. फार तर ताशी दोन निघाले असते. आणि तू म्हणजे काय ताशी दोन होतास? नदीला पूर आला तेव्हा म्हशीच्या शेपटीला धरून पलीकडं जाणारा तू, माझ्या लग्नात वरातीच्या घोड्यापुढं नाचून घोडाच दमवणारा तू, माझी बायको गेली तेव्हा सुट्टी नसताना दोन दिवस उभ्यानं रेल्वेत येऊन दारात हजर झालेला तू. ह्यातलं एकही पाऊल कुठं उमटलेलं नाही.

"सोडा पाणी, वहिनी," मी म्हणालो. "ऊस वाळवून ठसे राखले तर तो मला वरनं शिव्या घालील."

वहिनी हसल्या, मग पदर डोळ्याला लावला, आणि खोरं घेऊन पाटाची दारं धरायला गेल्या. पाणी आलं. मी उठून बांधावर उभा राहिलो.

तुझं बरोबर होतं, शिरपा. पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. तुझ्या तोंडावर म्हणालो असतो तर तू महिनाभर गावात दारोदार सांगत हिंडला असतास, म्हणून म्हणालो नाही. हिंडू द्यायला पाहिजे होतं रं तुला.